संचिकेत काय ठेवायचं आणि त्यावरून मुलाचं शिकणं कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग, पट ३६. प्रत्येक मुलाची संचिका, म्हणजे त्याच्या कामाच्या कागदांची फाईल, ठेवा असं वरून सांगितलं गेलं. फायली आणल्या, मुखपृष्ठं रंगवून घेतली, चित्रं लावली, चाचण्यांचे पेपर लावले. आता दिवाळीची सुट्टी तोंडावर आहे, आकारिकचे (सत्रभर वर्गात शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाचे) गुण भरायचे आहेत आणि एवढ्या जाड फायलींतून गुण कसे काढायचे ते कळत नाही. संचिकेला वेगळे दहा गुण ठेवावेत का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, ठेवू नका. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आकारिकसाठी आठ साधनं-तंत्रं ठरली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय-वर्गकार्य आणि आठवं ‘इतर’, ज्यात स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन वगैरे येतं. संचिका हे नववं साधन नव्हे. या आठांतून जे कागद निघतात ते ठेवायची ती जागा आहे. प्रकल्पाचे गुण प्रकल्पाला दिले आणि तोच प्रकल्प फाईलमध्ये आहे म्हणून पुन्हा दिले, तर एकाच कामाचे दोनदा गुण झाले. शिवाय फाईलला गुण आहेत हे घरी कळलं की फाईल सजू लागते. चमकी येते, नक्षीची किनार येते, स्टेशनरीच्या दुकानातला तयार तक्ता कापून चिकटतो. ज्याच्या घरी शिकलेली मोठी बहीण आहे त्याची फाईल जाड आणि ज्याची आई सकाळी सातला मजुरीला जाते त्याची बारीक. मग तुम्ही मोजता ते घर, मूल नव्हे.

आता मुद्द्याचं. तुमच्या फायलींतून काही निघत नाही, कारण त्यांत जोड्या नाहीत. एकटा कागद फार थोडं सांगतो. त्याच मुलाचा, त्याच प्रकारच्या कामाचा, दोन-तीन महिन्यांनंतरचा दुसरा कागद शेजारी ठेवला की पहिलाही बोलू लागतो.

वजाबाकीचं उदाहरण घेऊ. ४०२ वजा १७८. जुलैच्या कागदावर उत्तर आहे ३७६. सप्टेंबरच्या कागदावर, त्याच गणिताला, २३४. बरोबर उत्तर २२४, म्हणजे दोन्ही चूक. चाचणीत दोन्ही वेळा शून्य. पण कागद शेजारी ठेवून पाहा. जुलैत मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: ८ मधून २ गेले ६, ७ मधून ० गेलं ७, ४ मधून १ गेला ३. वरची संख्या कोणती, खालची कोणती, याच्याशी त्याला देणंघेणंच नव्हतं. सप्टेंबरात एककाच्या घरात १२ मधून ८ काढून ४ आलेत. दशकाच्या घरात शून्य होतं, म्हणून त्याने शतक सुटं करून दहा दशक आणले, हेही जमलं. फक्त त्यातला एक दशक एककाला दिल्यावर उरलेले नऊ झाले, हे लिहायचं राहिलं. म्हणून १० मधून ७ गेले ३. शतकाच्या घरात ३ मधून १ गेला २, तेही बरोबर.

जुलैत या मुलाला सुटे करणं ही कल्पनाच नव्हती. आता त्याचं एकच पाऊल चुकतंय. त्याला पुन्हा पहिल्यापासून वजाबाकी शिकवायची गरज नाही. खेळातल्या नोटा घ्या: चार शंभराच्या, दोन एकची नाणी. शंभराची मोड दहाच्या दहा नोटांनी द्यायला लावा, त्यातली एक पुन्हा मोडायला लावा आणि हातात दहाच्या किती राहिल्या ते मोजायला लावा. एका तासिकेचं काम आहे. हे निदान गुणपत्रकातून कधीच मिळालं नसतं. मात्र त्यासाठी मुलाने हातचे, खाडाखोड, वरचे बारीक आकडे तसेच ठेवलेले हवेत. ‘फेअर’ करून आणलेला कागद इथे कुचकामी. खोडरबर बाजूला ठेवा, चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायची सवय लावा.

लेखनाचंही तसंच. विषय ‘माझी शाळा’. जुलैचा कागद: ‘माझी शाळा छान आहे. माझी शाळा मोठी आहे. माझी शाळा मला खूप आवडते.’ एकही चूक नाही, अक्षर गोल. ऑक्टोबरचा: ‘आमच्या शाळंच्या मागं लिंबाचं झाड हाय. मदल्या सुट्टीत आमी तितं खिचडी खातो. सांडली की मुंगळे येत्यात. मंग बाय वरडत्यात.’ लाल पेन हातात घेतलं तर दुसऱ्या कागदावर आठ-दहा गोल पडतील आणि पहिला पुढे जाईल. प्रत्यक्षात पहिला कागद पाठ केलेला आहे, तो कुठल्याही शाळेला लागू पडतो. दुसऱ्यात मुलाने स्वतः पाहिलेलं लिहिलंय आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘की’ आणि ‘मंग’ वापरून एका गोष्टीतून दुसरी कशी घडली ते जोडलंय. तिसरीच्या मुलासाठी ही मोठी उडी आहे. ‘हाय’चं ‘आहे’ होईल सावकाश. त्याची वेगळी नोंद ठेवा, पण आशयाच्या नोंदीत ती मिसळू नका.

तर आता काय ठेवायचं ते पाहू. ३६ मुलांच्या वर्गात एका सत्रात एका मुलाचे आठ कागद पुरतात. भाषेचे तीन, गणिताचे तीन, परिसर अभ्यासाचा एक आणि कला किंवा कार्यानुभवाचा एक. यांतले भाषा-गणिताचे प्रत्येकी दोन कागद सगळ्या वर्गाला सारखे, तुम्ही ठरवलेले: एक सत्राच्या सुरुवातीला, एक शेवटी, काम तेच किंवा अगदी त्याच जातीचं. जोडी यातूनच तयार होते. उरलेल्यांपैकी निदान एक कागद मुलाने स्वतः निवडलेला असावा. बाकी चाचण्यांचे गठ्ठे, छापील कार्यपत्रिका, रंग भरायची चित्रं संचिकेत घालू नका. ज्या कागदावर सगळ्या वर्गाचं उत्तर सारखंच येणार, तो कुठल्याही एका मुलाबद्दल काही सांगत नाही. गटाने केलेला तक्ता असेल तर त्याचा फोटो आणि ‘यात मी काय केलं’ अशी मुलाची एक ओळ, एवढं बास.

प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात दोन गोष्टी हव्यातच: तारीख आणि मदतीचं अक्षर. तारीख मुलांनीच लिहायची, तिसरीला जमतं. मदतीचं अक्षर तुम्ही, त्याच दिवशी, नंतर आठवून नव्हे. ‘स्व’ म्हणजे स्वतः केलं, ‘म’ म्हणजे बाईंच्या किंवा कुणाच्या मदतीने, ‘ग’ म्हणजे गटात, ‘पा’ म्हणजे फळ्यावरून किंवा पुस्तकातून पाहून. हे अक्षर नसलेला कागद मूल्यमापनाला वापरू नका, मग तो कितीही देखणा असो. ऑगस्टात ‘म’ आणि नोव्हेंबरात ‘स्व’ असेल तर काम तेवढंच दिसलं तरी मूल पुढे गेलेलं आहे. आणि घरून करून आलेला कागद असेल तर मुलाला दोन प्रश्न विचारा, हे कसं केलंस आणि हेच का घेतलंस. उत्तर नाही आलं तर कोपऱ्यात ‘म’.

मागच्या बाजूला दोन ओळी: एक तुमची, एक मुलाची. तुमची ओळ शेऱ्याची नको. ‘छान’, ‘उत्तम’, ‘अजून प्रयत्न हवा’ हे शेरे सहा महिन्यांनी तुम्हालाच काही सांगणार नाहीत. काय दिसलं ते लिहा: ‘शतक सुटं केलं, दशक नऊ करायचा राहिला.’ मुलाच्या ओळीसाठी प्रश्न नेमका ठेवावा लागतो. ‘तुला हे काम कसं वाटलं?’ असं विचारलं की ३६ जण ‘मला आवडले’ लिहितात, कारण तेच अपेक्षित असतं हे त्यांना ठाऊक असतं. त्याऐवजी विचारा: ‘यातली एक ओळ बदलायची असेल तर कोणती?’ किंवा ‘कुठे अडलास आणि मग काय केलंस?’ किंवा ‘जुलैच्या कागदात जमलं नव्हतं आणि आता जमलं असं एक दाखव.’ पहिली-दुसरीची मुलं तोंडी सांगतील. तुम्ही त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, प्रमाण भाषेत बदलू नका.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? एका मुलाला तीन मिनिटं धरली तर ३६ मुलांची १०८ मिनिटं होतात. एका बैठकीत बसलात तर दहाव्या फाईलनंतर शेरे एकसारखे होऊ लागतात, विसाव्यानंतर तुम्ही वाचतच नाही. रोज सहा मुलं घ्या. अठरा मिनिटं, बाकीची मुलं तेव्हा वाचनाच्या कोपऱ्यात किंवा जोडीने पाढे-गणितं करताहेत. सहा दिवसांत वर्ग संपतो. सत्रात अशा तीन फेऱ्या झाल्या की पुरे: सुरुवातीच्या कामानंतर एक, मध्ये एक, शेवटच्या कामानंतर एक. दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शाळेत कागद आठाऐवजी पाच करा, पण जोड्या मोडू नका.

आता वाचायचं कसं. इथे निकषांची पायऱ्यांची पट्टी लागते आणि ती काम देण्याआधी बनवायची. तिसरीच्या लेखनासाठी अशी चालेल. पहिली पायरी: विषयाशी जुळणारे सुटे शब्द किंवा पाठ वाक्यं. दुसरी: वाक्यं स्वतःची, पण कुणालाही लागू पडतील अशी. तिसरी: स्वतः पाहिलेला-केलेला निदान एक तपशील आणि वाक्यांना क्रम. चौथी: तपशील एकमेकांना जोडलेले, कशामुळे काय झालं ते येतं. वरचा मुंगळ्यांचा कागद चौथ्या पायरीच्या उंबऱ्यावर आहे, मी तिसरी देईन आणि चौथीसाठी आणखी एका कागदाची वाट पाहीन. पट्टीत ‘उत्तम’, ‘समाधानकारक’ असे शब्द घालू नका, त्यांचा अर्थ ज्याचा त्याचा. नीटनेटकेपणाची ओळही घालू नका. ती एकदा घातली की तीच सगळ्यांत सोपी असल्यामुळे बाकीच्या ओळींवर चढून बसते.

दुसरा धोका म्हणजे मुलाबद्दल आधी बनलेलं मत. ‘हुशार’ मुलाचा अर्धवट कागदही आपण पूर्ण करून वाचतो. उपाय साधा आहे: नाव दुमडून झाका आणि एका दिवशी एकाच कामाचे कागद वाचा, एकाच मुलाची पूर्ण फाईल नव्हे. जोड्या नंतर लावा.

तिसरं, दोन माणसांचं जुळणं. अमेरिकेतल्या व्हरमॉन्ट राज्याने १९९१-९२ पासून चौथी आणि आठवीच्या लेखन-गणिताच्या संचिका राज्यभर तपासायला सुरुवात केली. रँड या संस्थेने त्याचा अभ्यास केला, तेव्हा एकाच संचिकेला दोन तपासनिसांनी दिलेले गुण फारसे जुळत नव्हते. कारणांपैकी एक असं की प्रत्येक वर्गाने वेगवेगळी कामं घातली होती आणि एकच पट्टी सगळ्यांना लावायची होती. तुमच्या शाळेतही तेच होईल, म्हणून मी वर सारख्या कामावर एवढा जोर दिला. पाच कागद निवडा, नावं झाका, तुम्ही आणि शेजारच्या वर्गाच्या बाई वेगवेगळं बसून पायऱ्या द्या. एका पायरीचा फरक चालतो. दोनचा आला तर कुणाची चूक हे शोधत बसू नका, पट्टीतलं वाक्य धूसर आहे, ते बदला. दोनशिक्षकी शाळेत हे केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत करता येतं. तिथे भाषणं ऐकण्यापेक्षा अर्धा तास यात बरा जाईल.

गुणांकडे येऊ. शासन निर्णयानुसार पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा) ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पुढे पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६०. (पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम नंतर आले, ते इथे घेत नाही.) तुमच्या तिसरीत एका विषयाचे ६० गुण साधनांमध्ये शाळेने वाटलेले असतील. समजा उपक्रमाला १० ठेवलेत आणि लेखन त्यात येतं. मग पायऱ्यांचं रूपांतर शाळेत एकदाच ठरवून टाका, उदाहरणार्थ पहिली ४, दुसरी ६, तिसरी ८, चौथी १०. दर वेळी नव्याने ठरवलं की घासाघीस होते.

सरासरी मात्र काढू नका. जुलैत पहिल्या पायरीवर असलेलं मूल ऑक्टोबरात चौथीवर गेलं, तर सरासरी त्याला अडीचवर ठेवते आणि जुलैपासून अडीचवरच बसलेल्या मुलाच्या ओळीत उभं करते. शिकण्याआधीच्या अज्ञानाची शिक्षा शिकल्यानंतर द्यायची नसते. शेवटचे दोन ‘स्व’ लिहिलेले कागद घ्या. दोन्ही एकाच पायरीवर असतील तर तीच पायरी. एक वर, एक खाली असेल तर तिसरं छोटं काम वर्गात द्या आणि ठरवा. ‘म’ किंवा ‘पा’ लिहिलेल्या कागदावर गुण देऊ नका, तो फक्त शिकवण्यासाठी.

संचिकेचा खरा उपयोग गुणांपेक्षा वर्णनात्मक नोंदींत आहे आणि तिथेच सगळ्यांत जास्त लबाडी होते. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, या तीन रकान्यांसाठी तयार वाक्यांच्या पीडीएफ फिरत असतात. ‘स्वतःचे विचार स्वतःच्या शब्दांत मांडतो’ हे वाक्य अर्ध्या वर्गाला लागतं, उरलेल्या अर्ध्याला ‘गणितीय क्रिया अचूक करतो’. ज्याच्या कागदावर ३७६ आहे त्यालाही. आपल्याला वेळ नसतो हे खरं, पण संचिकेच्या मागची ओळ आधीच लिहिलेली असेल तर नोंद म्हणजे ती उतरवून काढणं एवढंच उरतं. ‘सुधारणा आवश्यक’मध्ये: ‘वजाबाकीत मधे शून्य असेल तर दशक कमी करायचा राहतो.’ ‘विशेष प्रगती’मध्ये: ‘लेखनात एका घटनेतून दुसरी घटना जोडून सांगतो.’ या दोन ओळी वाचून पुढच्या इयत्तेचे शिक्षक पहिल्याच आठवड्यात कामाला लागू शकतात. श्रेणीने ते होत नाही. ब-१ म्हणजे ७१ ते ८०, पण वाचनात पुढे आणि लेखनात मागे असलेलं मूलही ब-१, आणि नेमकं उलटं असलेलंही ब-१.

पालक सभेत फाईल पालकांच्या हातात नुसती देऊ नका, ते पानं उलटून ‘छान आहे’ म्हणतात. मुलाला एक जोडी निवडायला सांगा आणि त्यानेच आई-वडिलांना, आजी आली असेल तर आजीला, वाचून दाखवावी: आधी असं लिहायचो, आता असं. सात-आठ मिनिटं लागतात. वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार कुटुंबं एकाच वेळी बसवली तर दीड तासात पूर्ण वर्ग होतो. पालकांना वाचता येत नसेल तरी काही अडत नाही, वाचतं मूलच. एक काळजी घ्या, मुलांच्या कामाचे फोटो तुलनेसाठी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका.

सामानाबद्दल चार शब्द. प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या कोकणातल्या पावसात आतून घामेजतात आणि कागद चिकटतात. पुठ्ठ्याची लेसवाली फाईल बरी. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजतात, लेस वापरा, आणि त्यासाठी काम देतानाच डावीकडे तीन बोटं समास सोडायला सांगा. मेणाच्या खडूचं चित्र समोरच्या पानाला लागतं, मध्ये जुन्या वहीचा कोरा कागद घाला. फायली कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, वाळवी तिथूनच सुरू होते. मात्र मुलांच्या हाताला येतील अशा असू द्या. कपाटाला कुलूप आणि किल्ली बाईंकडे असेल तर मूल स्वतःचा जुना कागद कधी पाहणार?

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी मुलं तुमच्या वर्गात असतील तर त्यांच्या संचिकेचं काम सुट्टीआधीच करा. शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत दाखल होण्यासाठी मिळणारं कार्ड) दोन कागदांच्या छायाप्रती द्या, एक लेखनाचा, एक गणिताचा, मागच्या ओळींसकट. कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत मूल नोव्हेंबरात दाखल होतं, तेव्हा त्याला काय येतं हे तिथे कुणाला ठाऊक नसतं आणि बहुतेक वेळा त्याला एकदम मागे बसवलं जातं. मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा. एप्रिलमध्ये ते परत आलं की तेच ४०२ वजा १७८ पुन्हा द्या.

वर्ष संपलं की पूर्ण गठ्ठा चौथीच्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवू नका, तो उघडला जात नाही. प्रत्येक मुलाचे चार कागद निवडा: लेखनाची एक जोडी आणि गणिताची एक. ते पुढे द्या, बाकीचे मुलाला घरी न्यायला द्या.